फ्लेक्सवरची मुरुमं

सकाळी उठलो की उशीचा अभ्रा गालाला चिकटून वर यायचा. ओढला की खपली निघायची आणि मग दिवसभर तिथून काहीतरी पाझरत राहायचं. अभ्र्यावर पिवळे डाग, मध्येच एखादा रक्ताचा, आणि शिळ्या तेलासारखा वास. स्वतःच्या घाणीची माणसाला किळस येत नाही असं मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. साफ खोटं आहे. मला यायची, रोज यायची, चहाच्या आधी यायची.

मी ट्रान्स पुरुष आहे. कळंबजवळच्या आमच्या खेड्यात मी तेविसाव्या वर्षापर्यंत घरातली मोठी पोरगी म्हणून वाढलो. त्यानंतर नागपूरच्या एका डॉक्टरांकडे टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुरू केली. आवाज फुटला, पाळी थांबली, ओठांवर लव आली. या सगळ्याची मी शाळेत असल्यापासून वाट पाहत होतो. मुरुमांची मात्र मी वाट पाहिली नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, "थोडी मुरुमं येतील. पोरांना सोळाव्या वर्षी येतात ना, तशीच. एक-दोन वर्षांत कमी होतात."

थोडी! तिसऱ्या महिन्यात हनुवटी भरली, चौथ्यात गाल, पाचव्यात पाठ आणि खांदे. पाठीवरची तर मुरुमंही नव्हती, बोराएवढाली गळवं होती. दाबली तर दुखायची, नाही दाबली तर आपली आपण फुटायची. संध्याकाळी बनियन अंगाला चिकटलेली असायची. ती ओली करून, सोडवून काढायला मला अर्धा तास लागायचा. आरशात पाठ बघायचं मी सोडून दिलं होतं.

त्यात पोटापाण्याचा धंदाही नेमका असला. यवतमाळात एका फोटो स्टुडिओत मी फोटो साफ करायला आहे. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे आणि श्रद्धांजलीचे फ्लेक्स. माझं मुख्य काम म्हणजे लोकांच्या तोंडावरचे डाग पुसणं. नवरीच्या हनुवटीवरची पुटकुळी, नवऱ्याच्या गालावरचा व्रण, पुढाऱ्याच्या डोळ्यांखालचं काळं. माऊसचं एक बटण दाबलं की पुटकुळी गेली. दिवसाला शंभर-दोनशे मुरुमं मी अशी मारायचो, आणि तेवढ्या वेळात माझ्या स्वतःच्या कपाळावर नवीन दोन उगवायची.

दुकानाचे मालक म्हातारे मुसलमान गृहस्थ आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. मला त्यांनी पोरगा म्हणूनच ठेवलं, कागदावर काय आहे ते एकदाच वाचलं आणि फाइल बंद केली. त्यांचे उपकार आहेत. पण एक दिवस तेही म्हणाले, "बेटा, तू मागच्या खोलीत बसत जा. गिऱ्हाईक तुझ्या तोंडाकडे पाहते अन् म्हनते, हा आमचा फोटो काय साफ करंल!" हसत म्हणाले, मीही हसलो. मागच्या खोलीत कूलर नव्हता. त्या दिवसापासून मी घामाने जास्तच फुटलो.

आता घरचं सांगतो, कारण खरा घोळ तिथे होता.

माझे बाबा स्वच्छतेच्या बाबतीत कडक. पाच एकरांत कापूस आणि तूर पिकवणारा माणूस, पण कपडा कधी मळका नाही. दिवसातून दोनदा आंघोळ, धुतलेला पायजमा, खांद्यावर पांढरा दुपट्टा. पाण्याच्या ग्लासात माशी पडली तर पाणी तर फेकणारच, ग्लासही दोन दिवस हाती धरणार नाहीत. मी इंजेक्शनांचं सांगितलं तेव्हा ते एवढंच बोलले होते, "तुले जे कराचं ते कर. मले सांगत जाऊ नको." त्यानंतर दीड वर्ष आमचं बोलणं म्हणजे गाडी आली का, जेवण झालं का, वीज आहे का. मला पोरगी म्हणत नव्हते, पोरगा तर नाहीच. काहीच म्हणत नव्हते.

दर दुसऱ्या रविवारी मी एसटीने घरी जायचो. एका रविवारी न्हाणीत गेलो तर बाबांचा साबण वर फळीवर, माझ्या हाताला लागू नये असा. माझा टॉवेल नेहमीच्या दोरीवर नव्हता. शोधला तर गोठ्याजवळच्या खिळ्याला सापडला, बैलांच्या दाव्याशेजारी.

आईला विचारलं, "माझा टॉवेल तिकडे कोणी टाकला?"

आई भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "तुये बाबा म्हनते, पू लागते. घरात पोरीचं लगन हाय. तिच्या तोंडाले झालं तं काय कराचं?"

"हे लागत नाही आई. हा काही रोग नाही."

"मले काय समजते? त्यायनं सांगतलं, म्या टाकला."

मला भयंकर राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या टॉवेलकडे बघून रागाला जोर राहिला नाही. कडा पिवळ्या पडून वाळल्या होत्या. दुसऱ्या कोणाचा असता तर मीही त्याला चिमटीने धरला असता. घरच्यांची किळस आणि माझी किळस एकच होती, हे मला सगळ्यात जास्त टोचलं.

धाकट्या बहिणीचं लग्न वैशाखात ठरलं होतं. आमच्याकडे लग्नात नवरीचा भाऊ नवरदेवाचा कान पिळतो. सगळ्या मंडपासमोर, बहिणीला नीट सांभाळ असं बजावून. मग नवरदेवाकडून त्याला कपडे मिळतात, फेटा बांधतात. घराला मुलगा नसेल तर चुलतभाऊ पिळतो. आमच्या घराला मुलगा नाही असंच सगळे वीस-पंचवीस वर्षं धरून चालले होते, म्हणून काकांच्या पोरानं आपलं माप केव्हाच शिंप्याकडे देऊन ठेवलं होतं.

बहीण मात्र एकदा मला मागच्या अंगणात गाठून म्हणाली, "कान तूच पिळजो दादा. त्याच्या हातून मले नाई पायजे."

"बाबांना विचारलं?"

"तू विचार ना."

मी विचारलं नाही. हिंमतच झाली नाही. पण त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. एवढी एक जागा मिळाली की बस. गावानं मागून काय बोलायचं ते बोलावं, पण बापानं त्या बोहल्याजवळ मला उभं करावं. आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं की आड येतंय ते माझं तोंड. हे निस्तरलं तर बाबा नाही म्हणायचे नाहीत.

मग जे शहाणे लोक करतात तेच केलं. मेडिकलवाल्याला तोंड दाखवलं, त्यानं एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा गोरापान, गुळगुळीत. मी खूश. तिसऱ्या आठवड्यात असा फुटलो की डोळ्याच्या कडेपर्यंत फोड. शेवटी यवतमाळातल्या चामडीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ट्यूब पाहिली आणि टोपलीत फेकली. "यात स्टेरॉइड आहे. अर्धा जिल्हा हेच चोपडून माझ्याकडे येतो." मग टेस्टोस्टेरॉनचं कळल्यावर पेन खाली ठेवून म्हणाले, "जी गोळी देतोय ती पोटातल्या बाळाला घातक असते. म्हणून विचारावं लागतं. गर्भाशय आहे ना अजून? दिवस जाण्याची काही शक्यता?"

कंपाउंडर दाराशी उभा होता. तो तिथेच थिजला, हातातलं रजिस्टर तसंच धरून. मी माझ्या दाढीच्या खुंटांवर, त्यातल्या त्यात बऱ्या जागेवर, हात फिरवला आणि सांगितलं, "नाही." डॉक्टरांचं काही चुकलं नव्हतं. तरी मला तिथून उठून तोंड धुवावंसं वाटलं.

"इंजेक्शनच दोन महिने बंद ठेवलं तर? लग्नापुरतं?" मी विचारलं.

"मनानं काही बंद करू नका. नागपूरच्या डॉक्टरांशी बोला. आणि गोळीनं पहिला महिना वाढेल, मग उतरेल. फोडू नका, घासू नका."

पहिला महिना म्हणजे नेमका लग्नाचा महिना. ओठ भेगाळले, नाकातून रक्त, आणि मुरुमं दुप्पट. वा!

लग्नाला बारा दिवस होते तेव्हा दुकानात बाबांचा फोन आला. त्यांनी मला आपण होऊन केलेला दीड वर्षातला पहिलाच फोन. मला वाटलं घरात कोणी गेलं.

"तुमच्या दुकानात फ्लेक्स बनते ना?"

"हो, बनतो."

"चौकात लावाले एक मोठा पायजे. लग्नाचा. घरातल्या सगळ्याईचे फोटो टाकजो."

"सगळ्यांचे?"

"सगळ्याईचे म्हनजे सगळ्याईचे. कानं गेले काय तुये?"

फोन ठेवला.  मग कामाला लागलो. वर गणपती, मध्ये नवरदेव-नवरी, खाली गोल चौकटीत आई-बाबा, काका-काकू, चुलतभाऊ, आत्या. बाबांच्या शेजारची चौकट मी माझ्यासाठी ठेवली. चाचांनी माझा फोटो काढला आणि मी तो साफ करायला घेतला.

इथे मी चूक केली, आणि ही चूक माझ्याच धंद्यातला माणूस करू शकतो. आधी मोठे फोड काढले. मग लाल डाग. मग खड्डे दिसायला लागले, ते भरले. मग कातडी एकसारखी दिसेना म्हणून सगळ्यावर एक हात फिरवला, नवऱ्या मुलींसाठी आम्ही जो फिरवतो तो. जबड्याच्या कडा मऊ झाल्या. ओठांवरची लव डागांसारखीच दिसत होती, तीही गेली. दीड तास मी एकेक करून माझ्या तोंडावरची घाण काढत होतो आणि मला इतकं बरं वाटत होतं की थांबावंसं वाटेना. चाचा मागून येऊन बघून गेले. "गुळगुळीत झालं," म्हणाले, आणि जरा थांबून, "लय गुळगुळीत झालं." मी लक्ष दिलं नाही. कच्चा फ्लेक्स बहिणीच्या मोबाइलवर पाठवला.

पहिला निरोप आईच्या आवाजात आला. आई रडत होती, आनंदानं. "किती साजरी दिसते वं माय माही! तोंड कसं पयल्यासारखं झालं! औषध लागलं वाटते!"

मी पडद्यावर पाहिलं. मग मला दिसलं. बाबांच्या शेजारी, गोल चौकटीत, शर्टाची कॉलर घातलेली ती बसली होती. घरातली मोठी पोरगी. तेवीस वर्षं जिला मी वागवलं आणि मोठ्या कष्टानं मागे टाकलं, तिला मी दीड तास खपून स्वतःच्या हातानं परत बनवलं होतं.  पू बघून येते ती किळस मला सवयीची होती. ही वेगळी होती, ही थेट घशाशी आली. मी दुकानामागच्या मोरीत जाऊन ओकलो.

परत आलो तर फोन वाजत होता. बाबा.

"हे कोनाले टाकलं माया बाजूले?"

"मी आहे बाबा."

"तू कुठी हायेस? हे तं पोट्टी हाय." मागे आईचा आवाज आला, राहू द्या ना, साजरं तं दिसून राह्यलं. बाबा तिच्यावर ओरडले, "तू चूप राय!" आणि मग मला, "मंडपात येईन त्याले लोकं वळखतीन काय यावरून? तोंड जसं हाय तसं टाक."

"मुरुमं दिसतील."

"दिसू दे. मले काय ते खाचे हायेत?"

"खाली काय लिहू?" मी विचारलं. चुलतभावाच्या चौकटीखाली 'नवरीचा भाऊ' असं लिहून झालं होतं, काकांनी तसं सांगितलं होतं. माझ्या चौकटीखाली जागा कोरी होती.

बाबा म्हणाले, "नाव टाक तुयं," आणि फोन कट. कोणतं नाव ते बोलले नाहीत. मी माझं नाव टाकलं, आताचं. नातं काही लिहिलं नाही.

फ्लेक्स चौकात लागला. गावी उतरलो तर एसटीतूनच दिसला. माझं तोंड सुपाएवढं, त्यावर बोराएवढी मुरुमं, एकूण एक, हनुवटीवरच्या फुटलेल्याची ओल चकाकतेय. छपाई उत्तम झाली होती, आमचं मशीन चांगलं आहे. पानठेल्यावरची माणसं फ्लेक्सकडे बघायची, मग माझ्याकडे बघायची आणि थुंकायची. थुंकी खर्र्याची, तंबाखू-सुपारीची असणार, पण मला ती माझ्यासाठीच वाटली. आत्या तर घरी आल्या आल्या बाबांना म्हणाली, "दादा, हे काय टांगलं चौकात? पाव्हण्याईले अन्न बी गोड लागनार नाई. अन् हळदीच्या दिवशी याले दूर ठेवजा, पोरीच्या अंगाले लागंल." बाबा हात धूत होते. ते हात धूतच राहिले. हळदीच्या दिवशी मी आपण होऊन गोठ्याकडे बसलो. माझा टॉवेल तिथल्या खिळ्यावरच होता.

लग्न दुसऱ्या दिवशी सकाळचं. अकरालाच ऊन असं की मंडपाचं कापड तापून वास यायला लागला. पाहुण्यांना फेटे बांधले, मलाही कोणीतरी बांधला, घट्ट, नेमका कपाळावरच्या गळवावर. डोळ्यांतून पाणी आलं, पण सोडवला नाही. चुलतभाऊ नवीन कपड्यांत बोहल्याशी जाऊन उभा राहिलेला मी पाहिला. चला, संपलं, म्हटलं. मी खुर्च्यांच्या मागे खांबाला टेकून उभा राहिलो.

गुरुजींनी आवाज दिला, "कान पिळायला नवरीचे भाऊ कोण? पुढे या."

चुलतभाऊ पुढे झाला. बहीण मुंडावळ्या बाजूला करून मंडपभर मला शोधायला लागली. बाबा गुरुजींच्या शेजारी उभे होते. त्यांनी पुतण्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला जागच्या जागी थांबवलं आणि खुर्च्यांच्या मागे हात केला. "तिथी काय खांब धरून उभा राह्यला? इकडं ये."

मी निघालो. चार पावलं टाकली आणि फेट्याखालचं गळू फुटलं. मला आधी घाम वाटला. मग ते भुवईवरून गालावर उतरलं, कोमट, आणि नवरदेवाचा चेहरा बघून मला कळलं काय उतरलंय ते. त्यानं नाक आक्रसून मान मागे घेतली. आत्यानं "छी" म्हटलेलं चार लोकांनी ऐकलं. कॅमेरा माझ्यावर होता, आमच्याच दुकानाचा. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी मागे वळलो.

बाबांनी मनगट धरलं. खांद्यावरचा दुपट्टा काढला, सकाळीच व्याह्यांनी मानाचा दिलेला, कोरा, पांढरा. माझं तोंड वर करून कपाळ दाबून पुसलं, मग भुवई, मग गाल. पुसलेलं काय निघालं ते दुपट्ट्यावर पाहिलं. त्यांना किळस आली. मी जवळून पाहिली, ओठ वाकडे झाले, घसा हलला. माशी पडलेला ग्लास दोन दिवस हाती न धरणारा माणूस तो. त्यांनी दुपट्टा झटकला, आणि परत खांद्यावर टाकला.

"हा हाय भाऊ," गुरुजींना म्हणाले. आणि मला, "पाहून काय राह्यला? पिळ."

मी पिळला. नवरदेव कळवळला, मंडप हसला, बहीण हसता हसता रडली. मला मिळालेला मानाचा शर्ट चुलतभावाच्या मापाचा होता, तो ढगळ होतो अजून.

पंगत बसली तेव्हा बाबा वाढत फिरत होते. खांद्यावर तोच दुपट्टा, पिवळा-लाल डाग बाहेरच्या बाजूला, लोकांच्या ताटांवर वाकताना सगळ्यांच्या नजरेसमोर. मला ते बघवेना. हातातला घास मी परत ताटात ठेवला. ते माझ्यापाशी आले तेव्हा मी म्हणालो, "बाबा, तो दुपट्टा द्या इकडे. घाण झालाय, धुऊन टाकतो."

त्यांनी ताटात भाजी वाढली, वर अजून थोडी वाढली.

"जेव पयले," म्हणाले, आणि पुढच्या ताटाकडे गेले.